पावाच्या खाली गाडी उभी

काटा म्हटलं की लोक आधी आपला तळपाय बघतात. घाबरू नका, तो मी नव्हे. मी घड्याळातला नाही आणि भाजीवाल्याच्या तराजूवरचाही नाही. एका पिकअपच्या डॅशबोर्डवर, काचेआड बसून, टाकीत डिझेल किती उरलंय ते दाखवणारा काटा बोलतोय. रंगाने लाल, बांध्याने सडपातळ. अंगावर काटा येण्याचा अनुभव मला नाही, कारण अंगच काट्याचं.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. कारखान्यात एका बाईंनी मला चिमट्यात धरून खिळ्यावर बसवलं, बसलो की नाही हे बघायला हलकेच फुंकर मारली आणि पुढचा काटा उचलला. त्या एका फुंकरीपलीकडे माझ्यावर कसले संस्कार झाले नाहीत. तरी मी बरा निघालो.

काम सोपं आहे. टाकीत एक पोकळ गोळा तरंगतो. डिझेल चढलं की गोळा वर, उतरलं की खाली. तो तारेतून मला कळवतो आणि मी जगाला सांगतो. माणसांच्या पोटात अधूनमधून गोळा येतो म्हणे. आमच्या गाडीच्या पोटात तो कायमचाच. त्याने कळवायचं, मी दाखवायचं, पदरचं काही घालायचं नाही. एवढं पथ्य मी जन्मभर पाळलं.

आमचे मालक फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. काम झकास, बाकी सगळा कारभार सावकाश, म्हणून बाजारात त्यांना थंडोबा म्हणतात. फ्रिजवाल्याला थंडोबा म्हणणं हा लोकांना फार मोठा विनोद वाटतो. मालक दर वेळी हसतात. मी ऐकून ऐकून कंटाळलोय.

पिकअप घेतली ती फ्रिजसाठी. फ्रिज आडवा नेला की आतलं तेल नको तिकडे जातं आणि मग तो रुसतो. त्याला उभाच न्यावा लागतो, म्हणजे मागे मोकळा हौदा हवाच. "या घरात माणसं दिवसभर आडवी पडली तर चालतात, फ्रिज मात्र उभा पाहिजे," असं मालकीणबाई म्हणायच्या. हे म्हणताना त्या कुणाकडे बघायच्या ते सांगत नाही.

तेव्हा डिझेल स्वस्त होतं आणि पिकअपचा रुबाब होता. आमच्या गल्लीत ज्याला त्याला पिकअप हवी होती. रंगाऱ्याने घेतली, नळाच्या कामवाल्याने घेतली, आणि एका शिकवणीच्या मास्तरांनीसुद्धा घेतली. मास्तर हौद्यातून काय नेणार, हे कुणी विचारलं नाही. आठवड्याच्या सुरुवातीला मालक पंपावर जायचे आणि काच खाली करून एकच शब्द म्हणायचे, "फुल्ल." मग मी सावकाश वर चढायचो, अर्धा ओलांडायचो आणि थेट माथ्यावर जाऊन टेकायचो. वरून खाली बघायला बरं वाटायचं.

शेजारच्या सीटवर मालकांचे वडील बसायचे. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही म्हणतो. बाबांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. पुढे नजर अधू झाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं स्टिअरिंग सोडवलं. त्यानंतर वर्षभरातच मालकांची आई गेली. घरात बाबांना काही करायला उरलं नाही, तेव्हा मालक एका सकाळी म्हणाले, "बाबा, येताय का? गाडीकडे लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे." आमच्याकडे लक्ष ठेवण्यासारखं काही नव्हतं. बाबा चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन आले आणि रोज येऊ लागले.

मालक गिऱ्हाइकाकडे वर गेले की किल्ली लावून ठेवायचे, म्हणजे बाबांना रेडिओ ऐकता यायचा. किल्ली फिरवली की मी जागा, त्यामुळे बाबांचा आणि माझा सहवास बराच झाला. रेडिओवर कोण काय चुकीचं बोलतंय, हे ते मला समजावून सांगत.

घरात हे बापलेक बोलत नाहीत. मालकीणबाई एकदा याच सीटवर बसून म्हणाल्या होत्या, "दोघं जेवायला बसले की चमच्यांचाच काय तो आवाज." केबिनमध्ये मात्र ते बोलायचे. दोन पुरुषांना समोरासमोर बसवलं की त्यांची दातखीळ बसते, आणि शेजारी बसवून पुढे रस्ता ठेवला की बोलणं सुटतं. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही ना! बाबा सिग्नलकडे बघत म्हणायचे, "तुझी आई या कोपऱ्यावर नेहमी रस्ता चुकायची." मालक आरशाकडे बघत म्हणायचे, "हो, आणि आपल्यालाच ओरडायची." मग दोघं हसायचे. आईचं कपाट तसंच बंद होतं. त्याचं काय करायचं, हा विषय दर थोड्या दिवसांनी निघायचा आणि गिऱ्हाइकाचं घर आलं की राहून जायचा.

मग डिझेल महागलं. एकदा महागलं आणि थांबलं असं नाही, महागतच राहिलं. आधी "फुल्ल" गेलं आणि "अर्धी करा" आलं. मग मालक रकमेत बोलू लागले. पुढे पुढे तर पंपावरच्या मुलाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात बोलू लागले. माझं वरचं अर्धं घर बंद पडलं. अर्ध्यावरची रेघ मला दिसायची, पण ती आता दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. माझ्याकडे बघणाऱ्यांचे चेहरेही बदलले. पूर्वी माणसं माझ्याकडे नुसती बघायची, आता माझ्यामुळेच डिझेल संपतं अशा नजरेने बघू लागली.

गल्लीतल्या पिकअप एकेक करून गेल्या. मास्तरांची सगळ्यात आधी गेली, तिच्या हौद्याला ओरखडाही पडला नव्हता. रंगाऱ्याने विकली आणि स्कूटर घेतली. आता तो दोन्ही बाजूंना रंगाचे डबे लटकावून जातो. त्याच्याकडे बघितलं की घराला कोणता रंग लागलाय ते आधीच कळतं.

मालकीणबाईंनी विषय काढला तोही केबिनमध्येच. "अहो, बहुतेक कामं लोकांच्या घरीच होतात. त्याला स्कूटर पुरते. एक पाना आणि एक स्क्रू न्यायला तुम्ही हा हत्ती कशाला फिरवता?"

"फ्रिज आणायची वेळ आली तर?" मालक म्हणाले.

"कधीतरी येते ना? तेव्हा काढा की गाडी."

मालकांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग नियम जाहीर केला. महिन्यातून एकदाच डिझेल भरायचं, अर्ध्यापर्यंत. मी पाव टाकीच्या वर आहे तोवर गाडी फिरेल. "काटा पावाच्या खाली गेला की गाडी उभी. मग महिना संपेपर्यंत स्कूटर."

बाबा शेजारीच बसले होते. स्कूटरवर मागे हत्यारांची पेटी असते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. इतक्या आपुलकीने माझ्याकडे आधी कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात मी नियमाप्रमाणे उतरलो, पावाखाली गेलो आणि गाडी उभी राहिली. बाबा घरी बसले. ते दिवस कसे गेले ते मला माहीत नाही, कारण किल्ली फिरली नाही. पुन्हा गाडी निघाली तेव्हा बाबांचे कपडे सैल झालेले दिसले. "जेवत नाही का तुम्ही?" मालकांनी विचारलं. "जेवतो की," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या महिन्यात, मी पावाला टेकत आलो होतो तेव्हा, मालक एका इमारतीत वर गेले. बाबांनी रेडिओ बंद केला. सीटमागून गोणपाटात गुंडाळलेला एक रिकामा प्लास्टिकचा कॅन काढला, टाकीच्या झाकणासाठी किल्ली घेतली आणि पंपाच्या दिशेने निघाले. मी झोपलो. जाग आली तेव्हा केबिनमध्ये डिझेलचा वास होता, बाबा धापा टाकत होते आणि मी पावाच्या चांगला वर होतो. मी हिशेबी काटा आहे, उगाच वर जाण्याची मला सवय नाही. पण टाकीतला गोळा म्हणाला वर, म्हणून मी वर.

मालक आले, बसले, माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. "बाबा, डिझेल जळलंच नाही!"

"तू हळू चालवतोस ना," बाबा म्हणाले.

मालकांना ते पटलं. आपण थंडोबा आहोत याचा त्यांना आयुष्यात प्रथमच फायदा दिसला. पुढे बाबांचा कॅन अधूनमधून बाहेर निघत राहिला आणि मी पावाच्या वर तरंगत राहिलो. मालकांना ही गाडी कमी पिते याचा फार अभिमान वाटू लागला. चहाच्या टपरीसमोर गाडी लावून ते लोकांना केबिनमध्ये बोलवायचे आणि बोटाने मला दाखवायचे. "बघा. महिना संपत आला. कुठे आहे काटा?"

रंगारी डबे उतरवून आत डोकावला. "कसं काय जमवलंस?"

"पायात पाहिजे," मालक म्हणाले. "ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, त्याला नुसतं सुचवायचं. हवा सकाळीच भरायची, चाकं गार असताना. आणि उतारावर गाडीला विश्वासाने सोडायचं."

रंगाऱ्याचं तोंड पडलं. तो घरी जाऊन बायकोवर चिडला म्हणे, की तुझ्यामुळे मी पिकअप विकली. हे सगळं बाबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. शाळेची बस चालवलेल्या माणसाला मागे काहीही चाललं तरी समोर बघायची सवय असते.

ही कीर्ती वायरिंगवाल्यापर्यंत गेली. गाड्यांचे दिवे, हॉर्न आणि काटे दुरुस्त करणारा हा गृहस्थ. त्याने आत येऊन माझ्यावर टिचकी मारली, टाकीच्या आकाराचा आणि धावलेल्या रस्त्याचा मनात हिशेब केला आणि म्हणाला, "थंडोबा, अशी गाडी जगात नाही. तुझा काटा खोटं बोलतोय. वरच अडकून बसलाय."

मला काय वाटलं ते सांगतो. वाईट वाटलं. जन्मभर जे होतं तेच दाखवलं आणि माझ्यावर हा आळ आला. तोही कुणामुळे, तर माझ्याकडे आपुलकीने बघणाऱ्या एकुलत्या एका माणसामुळे. बाबांनी माझ्याकडे चोरटी नजर टाकली. मी आहे तिथेच उभा राहिलो, दुसरं काय करणार?

मालकांना वायरिंगवाल्याचं म्हणणं लगेच पटलं. त्यांना कुणाचंही म्हणणं लगेच पटतं. "म्हणजे टाकीत आहे किती?" त्यांनी विचारलं.

"देव जाणे. पण तू या काट्याकडे बघूच नकोस. नवीन बसवायचा तर गाडीपेक्षा महाग पडेल."

त्या दिवसापासून माझा मान गेला. मालक बसताना मला टिचकी मारायचे, हसायचे आणि दुसरीकडे बघायचे. आता ते अंदाजाने डिझेल भरायचे. बाबाही भरायचे. दोघं भरत होते, म्हणून गाडी चालत होती आणि अंदाजही बरोबर येत होता. मी रोज खरं सांगत होतो आणि ते कुणालाच नको होतं.

मग बाबांची पाठ धरली. भरलेला कॅन उचलताना कळ आली आणि ते तसेच कसेबसे सीटवर येऊन बसले. मालकांना म्हणाले, उशी वाकडी झाली होती. दुसऱ्या दिवसापासून पाठीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन ते यायचे, पण कॅनला हात लावू शकत नव्हते. मालकांचा अंदाज पूर्वीचाच होता. मी पावाच्या खाली आलो, लाल रेघेवर आलो, मग तिच्याही खाली जाऊन पडलो. काचेत एक छोटा दिवा पेटला, तो माझा धाकटा भाऊ, फक्त संकटात बोलतो. मालकांनी त्यालाही टिचकी मारली.

त्या दिवशी हौद्यात एका आजींचा फ्रिज उभा करून बांधलेला होता. दुरुस्त झालेला, घरी पोहोचवायचा. आजींनी सकाळीच फोन केला होता, आत औषधं ठेवायची आहेत, लवकर आणा. बाबांनी निघतानाच माझ्याकडे पाहिलं.

"अरे, काटा अगदी खाली गेलाय."

"जाऊ द्या हो. आधी वर अडकला होता, आता खाली अडकला असेल."

"पंप वाटेत आहे. थोडं भरून घे."

"परवाच भरलंय, बाबा. त्या खोटारड्याचं काय ऐकायचं?"

बाबांनी पाठीमागची पिशवी सरकवून सारखी केली. पंप आला. बाबांनी पंपाकडे बघितलं, मी वर बघितलं, मालकांनी घड्याळ बघितलं. पंप मागे गेला. खरं सांगायचं तर माझी अवस्था बिकट होती. ओरडायला तोंड नाही आणि याहून खाली जायला जागा नाही.

गाडी उड्डाणपुलाच्या चढावर, अगदी मध्यावर, दोन आचके देऊन थांबली. मागे हॉर्नचा गलका झाला. मालकांनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. मालक उतरले, चाकाखाली दगड लावला आणि परत येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"विकूनच टाकतो," ते म्हणाले. "वायरिंगवाला म्हणत होता ते खरं. काटा खोटा, गाडी खोटी. लोकांना फुशारकीने दाखवत होतो मी हे."

बाबा समोर बघत होते. समोर पुलाचा कठडा होता.

"काट्याला बोल लावू नकोस," ते म्हणाले. "काटा खरा आहे. पहिल्यापासून खरा आहे."

"मग डिझेल गेलं कुठे? आणि आधी आलं कुठून?"

बाबांनी पाठीची कळ सोसत मागे हात घातला आणि गोणपाटातला कॅन काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

मालक कॅनकडे बघत राहिले. मग त्याचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला. वास घेण्याची गरज नव्हती, पण मालकांचा कारभार सावकाश. सगळं कळायला त्यांना मागचे दोन हॉर्न लागले.

"तुम्ही? का?"

"पावाच्या खाली गाडी उभी म्हणालास ना."

"अहो, पण गाडी उभी राहिली तर काय बिघडत होतं? घरी आराम केला असता."

"घरी काय करू?" बाबांचा आवाज जरा चढला आणि मग एकदम उतरला. "घरी तू माझ्याशी बोलतोस का? मी तरी तुझ्याशी बोलतो का? तुझी आई होती तेव्हा ती दोघांच्या वतीने बोलायची. आता जे काही आहे ते या गाडीत आहे."

मालकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडी बंद होती, वळवायचं काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, "मला वाटायचं माझ्या पायात काहीतरी आहे."

"आहे की. हळू चालवतोसच तू."

मग मालक कॅन घेऊन उतरले आणि पंपाकडे चालत गेले. त्याआधी त्यांनी माझ्या काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. माफी मागायची त्यांची पद्धत तेवढीच आहे, आणि मला ती पुरली.

आजींचा फ्रिज पोहोचला. आता गाडी विकायची ठरली, कारण मालकीणबाईंचा मुद्दा मुळात बरोबरच होता आणि आता बाबांच्या पाठीचीही त्यात भर पडली होती. जुन्या गाड्यांचा दलाल आला, दार उघडून आत बसला, मला बघितलं. "काटा चालतो का?"

"एकदम खरा आहे," बापलेक एकदमच म्हणाले.

दलालाने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. "पण साहेब, पिकअप आता कोण घेतं? माझ्या आवारात रांग लागलीय. लोक येतात, हौद्यावर हात फिरवतात आणि छोटी गाडी घेऊन जातात." त्याने जो भाव सांगितला तो ऐकून मालकीणबाईंनीच त्याला दार दाखवलं. विकायची म्हणून त्याच मागे लागल्या होत्या, पण अपमान त्यांना सहन होत नाही.

त्यामुळे मी इथेच आहे. घराच्या मागे पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी असते. पूर्वी किल्ली काढली की मी झोपायचो, आता या वयात किल्लीविनाही जागाच असतो. मालक स्कूटरवर जातात. क्वचित कुणाचा फ्रिज आणायचा असला तर भाड्याची बॅटरीवाली गाडी येते, फ्रिजला उभा घेऊन जाते आणि आवाजही करत नाही. तिला काटा नाही म्हणे, नुसते आकडे दिसतात. असोत बिचारे.

सुरुवातीला बाबा एकटेच यायचे. दुपारी पेपर घेऊन शेजारच्या सीटवर बसायचे, दार ओढून घ्यायचे. एका दुपारी मालक लवकर परतले. स्कूटर लावली, घराकडे दोन पावलं गेले, थांबले, आणि येऊन आपल्या सीटवर बसले. किल्ली घरात होती. ती आणायला कुणी उठलं नाही.

दोघं समोर बघत बसले. समोर आमच्या घराची मागची भिंत आहे, तिच्यावर एक बंद नळ आणि कपडे वाळत घालायची दोरी. मग बाबा म्हणाले, "ते आईचं कपाट."

"हं."

"उघडू या म्हणतो."

या वेळी गिऱ्हाइकाचं घर मध्ये आलं नाही. कोणती साडी कुणाला द्यायची, कोणती ठेवायची, तिची छत्री मोडकी असली तरी टाकायची नाही, सगळं बोलून झालं. बोलता बोलता बाबा रडले, मालकही रडले, आणि दोघांनी भिंतीकडेच बघत डोळे पुसले.

आता हे रोजचंच झालंय. मालकीणबाई खिडकीतून ओरडतात, "अहो, घरात चांगल्या खुर्च्या आहेत की!" आणि थोड्या वेळाने स्वतःच दोन कप चहा आणून बॉनेटवर ठेवतात.

माझं विचाराल तर किल्ली फिरत नाही म्हणून मी तळालाच असतो. तसं असण्यात मला पूर्वी कमीपणा वाटायचा. तुमच्याही दाराशी अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारात घालण्याआधी तिच्यात कोण बसतं ते बघून घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

काल उतरताना बाबांनी सवयीने माझ्याकडे नजर टाकली.

"टाकी रिकामी आहे, बाबा," मालक म्हणाले.

बाबांनी चष्मा खिशात घातला. "असू दे. कुठे जायचंय!"